मेन स्विच

विक्रोळीला, कन्नमवार नगरात,
पिठाच्या गिरणीला लागून गंगरशेठने पार्लर काढलं
तेव्हा मी सातवीत.
तीन मशिनं. दोन मारामारीची,
आणि कोपऱ्यातलं एक, ठोकळ्यांचं,
ज्याच्या काचेवर गिरणीचं पीठ बसायचं
आणि पहिलं गिऱ्हाईक ते बाहीने पुसायचं.

रशियाचा गेम, शेठ सांगायचा,
लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलाय.
पडद्यावर कांद्यासारखे घुमट होते.
आम्हाला वाटायचं, तिकडे असंच आकाशातून सामान पडतं
आणि लोक मुकाट्याने रचून ठेवतात.

नावं आम्हीच ठेवली.
चौकोनी ती पेटी, वाकडी ती हॉकी,
डावा साप, उजवा साप,
आणि सरळसोट ती लांबडी.
लांबडीसाठी कडेला एक फट राखायची
आणि वाट बघायची.
देव आहे की नाही, काश्या म्हणायचा,
ते फक्त तेव्हा कळतं.

रुपयाला एक डाव.
दांडी डावीकडे अडायची,
म्हणून आम्ही सगळे उजवीकडून रचायला शिकलो.

रात्री साडेनऊला शेठ मेन स्विच पाडायचा
आणि मशीन सगळं विसरायचं.
लाख करा, सव्वा लाख करा,
सकाळी पाटी कोरी.
तरी शाळा सुटून आम्ही धावत पोचेपर्यंत
सगळ्यात वर कुणीतरी बसलेलं असायचं:
डी, ओ, एल.
रोज.
एक लाख चाळीस. एक लाख बासष्ट.
डोल? कोण हा डोल?
गिऱ्हाइकाचं नाव सांगत नसतो, शेठ म्हणायचा,
जणू त्याची बँक होती.
काश्याने दोनदा शाळा बुडवून पहारा दिला,
दोन्ही वेळा गिरणीवाल्याने त्याच्या बापाला कळवलं.

मग हातात मावणारा तो स्वस्तातला गेम आला,
दोन सेलवर चालणारा, घरोघरी.
पार्लरचं झेरॉक्स झालं, झेरॉक्सचं मोबाइल रिचार्ज.
काश्या दुबईच्या बंदरात क्रेनवर बसून कंटेनर रचतो.
मी टेम्पो घेतला.

आता नगरातल्या बिल्डिंगी एकेक करून पाडतात.
माणसं तीन वर्षांच्या बोलीवर भाड्याने जातात,
कळव्याला, भांडुपला,
आणि मी त्यांची कपाटं जिन्याच्या वळणावर फिरवतो.

परवा डोळस बाईंचं सामान होतं.
निवृत्त नर्स. सत्तरी उलटलेली, गुडघ्याला पट्टा.
टेम्पोच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या.
माझा पोऱ्या फ्रिज चढवायला लागला
तसा बाईंचा अंगठा मांडीवर हलला.
"आधी फिरव. आता सरकव. अरे, सोडू नकोस एवढ्यात!"

शिलाईमशीन पोटाशी धरून मी तसाच उभा.
डोळस. डी, ओ, एल.
"बाई, ते गंगरशेठचं..."

"नाइट ड्युटी करून यायचे," त्या म्हणाल्या,
"झोप कुठली? डोळे मिटले की वॉर्ड दिसायचा.
रात्री कुणी गेलं असेल तर दोन डाव जास्त."

बाकी काही सुचेना, म्हणून विचारलं,
"दांडी अडायची, तिचं काय करायचात?"
"तळहाताने ढकलायची.
तुम्ही पोरं बोटांनी खेळायचात."

शेवटी कडेला फट उरली,
वीतभर रुंद, पुरुषभर उंच.
बाईंनी वरून सलाइनचा स्टँड आणवला,
हॉस्पिटलने मोडीत काढलेला,
ज्यावर त्या परकर वाळत घालायच्या.
मी तो उभाच आत सोडला.
खट्कन बसला.

दोर हातात घेऊन क्षणभर थांबलो,
लखलखून सगळं आता नाहीसं होईल म्हणून.
बाईही थांबल्या होत्या, मी बघितलं.

मग वॉचमन ओरडला, गाडी पुढे घ्या,
मागे पाण्याचा टँकर उभा आहे.
टेम्पो तिसऱ्या सेल्फला सुरू झाला.